पहिला घाव कोणाच्या शेतात

कसाव्याचं बी पेरत नाहीत. ज्याच्या कंदाचं पीठ होतं, साबुदाणा होतो, तो हा कसावा खोडाच्या कांड्या करून लावतात. वीतभर कांडी, म्हणजेच बेणं, तिच्यावर कोंब फुटायचे पाच-सहा डोळे, अर्धी जमिनीत आणि अर्धी वर. यंदाच्या झाडाचं खोड म्हणजे पुढच्या वर्षीचं शेत. त्यामुळे खोड तोडतो कोण याला मोठं महत्त्व, आणि त्या गावात ते महत्त्व गेली तीस वर्षं काकांनी एकट्याकडे ठेवून घेतलं होतं.

काका सगळ्यांचेच काका. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना काका म्हणत आणि काका ते निमूटपणे स्वीकारत. लागवडीच्या आधी पंधरा दिवस ते कोयता खांद्यावर टाकून निघत. उंच, वाळकुडा माणूस, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट, कानामागे विडी. शेतात शिरले की कोणाशी बोलत नसत. खोड डाव्या हातात धरायचं, शेंड्याकडचा कोवळा भाग उडवायचा, बुडख्याचा जून भाग टाकायचा, आणि मधल्या भागाच्या कांड्या सटासट पाडायच्या. साल कुठे फाटणार नाही, डोळा कुठे चेमटणार नाही. नवख्याने दिवसभरात जेवढं तोडावं तेवढं काका न्याहारीच्या आत तोडून मोकळे. कोयत्याला चिकटलेला चीक ते मांडीवर पुसत. त्या जागी पॅन्ट इतकी कडक झाली होती की काकूंनी ती धुणं सोडून दिलं होतं.

पण हात हा काकांचा खरा गुण नव्हताच. खरा गुण डोक्यात होता. गावातल्या प्रत्येक शेतातल्या कसाव्याची वंशावळ त्यांना तोंडपाठ. गिरणीवाल्याचं बेणं मूळ कुठलं, तर त्याच्या मेहुण्याच्या बांधावरचं. ते पुढे शिंप्याकडे गेलं, शिंप्याकडून शेतकरी मंडळाच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्षांच्या पाणथळ तुकड्यात ते खचलं म्हणून त्यांनी दुसरं आणलं. कोणत्या वर्षी कोणत्या वारी कोणाकडे कोयता पडला, हेसुद्धा काका सांगत. दोन भाऊ बेण्यावरून भांडले की काकांना बोलावणं जाई. काका विडी पेटवत, एक झुरका घेत आणि सांगत. ते म्हणाले म्हणजे झालं. पुढे कोणी तोंड उघडत नसे.

अशा माणसाला थोडा गर्व असायचाच. थोडा असता तर ही हकिकत सांगायची वेळ आली नसती.

गावात एक जुनी रीत होती. तोडणाऱ्याने पहिला घाव स्वतःच्या शेतात घालायचा. धार कमी असेल, हात आखडला असेल, जे काही चुकायचं ते आपल्या खोडावर चुकावं आणि मगच दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवावा, असा तिचा अर्थ. काकांच्या वडिलांनी ती पाळली आणि काकांनीही पाळली. या रीतीचा काकांना इतका अभिमान होता की नव्या माणसाला ते ती न विचारता ऐकवत.

मग शेती खात्याच्या बाई आल्या. तिशीच्या, पायात रबरी बूट, बोलणं सरळ. शेतकरी मंडळाच्या खोलीत त्यांनी भिंतीवर चित्रं लावली आणि करपा समजावून सांगितला. पानांवर पाण्यात भिजल्यासारखे कोनाकोनाचे डाग पडतात, मग पान करपतं, शेंडा मान टाकतो, कोवळ्या खोडावर डिंकाचे थेंब येतात. हा जिवाणूंचा रोग. पावसाच्या थेंबांनी या झाडावरून त्या झाडावर जातो, ओल्या शेतातून फिरणाऱ्या माणसांबरोबर जातो, पण लांबचा प्रवास तो बेण्यातून आणि कोयत्यावरून करतो. म्हणून रोगट झाड दिसलं की उपटून जाळा, त्याचं बेणं धरू नका, आणि तोडताना कोयता झाडागणिक ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवा. बाईंनी बादली आणून करून दाखवलं.

मागे बसलेल्या काकांना ते सगळं आपल्याच मांडीवरच्या डागाकडे बघून चाललंय असं वाटलं. बाई गेल्यावर त्यांनी चहाच्या टपरीवर तोंडसुख घेतलं. झाडागणिक आंघोळ घातली तर कोयत्याला सर्दी व्हायची, म्हणाले. लोक पोट धरधरून हसले. हसले नाहीत ते फक्त काकांचे थोरले बंधू. दादा शांत माणूस. त्यांनी आणि वहिनींनी त्या वर्षी खरोखरच एक बादली शेतात नेऊन ठेवली. काकांनी मग त्यांच्यावरही विनोद केला. दादा हसले आणि बादली तिथेच राहिली.

त्याच पावसाळ्यात काकांच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात सात-आठ झाडांनी माना टाकल्या. काका जवळ गेले. पानांवर डाग होते, कोनाकोनाचे. खोडावर पिवळसर डिंकाचे मणी होते. बाईंच्या चित्रातलं जसंच्या तसं. काका बराच वेळ तिथे उभे राहिले. उपटून जाळायचं तर धूर दिसणार, आणि धूर दिसला की गाव विचारणार. ज्याने बाईंची टर उडवली त्याच्याच शेतात पहिला करपा. त्यांनी कोयता काढला, मान टाकलेले शेंडे छाटले आणि बांधापलीकडच्या झुडपात फेकून दिले. खाली जे खोड उरलं ते दिसायला बरं होतं. पाऊस थांबला, पानं झडली, आणि दिसण्यासारखं काही राहिलं नाही. काकांनी स्वतःची समजूत घातली की होतं ते गेलं.

उन्हाळ्यात दादा वारले. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी संपले. त्यानंतर महिन्याने तोडणी सुरू झाली. रीतीप्रमाणे काकांनी पहिला घाव आपल्या शेतात घातला, वरच्या कोपऱ्यापासून. मग गिरणीवाला, मग शिंपी, मग अध्यक्ष. दादा आपलं शेत नेहमी स्वतःच तोडत, पण यंदा चौथ्या दिवशी काका ओढ्यापलीकडे वहिनींच्या शेतावर गेले. दादा नाहीत तर आपण जायला हवं, हे त्यांना मनापासून वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. वहिनी बांधावर बसल्या होत्या, डोळे सुजलेले. त्या म्हणाल्या, भावोजी, या की, पण ह्यांनी सांगून ठेवलंय, कोयता बुडवून घ्यायचा. बादली तिथेच होती. काकांना तो शब्द झोंबला. माझा कोयता काय गटारातून आलाय, असं काहीतरी ते पुटपुटले आणि माघारी फिरले. वहिनींनी चार दिवस एकटीने तोडलं. ओढ्यापलीकडे फारसं कोणी जात नसे, त्यामुळे ते कोणी पाहिलं नाही. आणि आपल्या भावजयीने आपल्याला बांधावरून परत पाठवलं, हे काका थोडेच कोणाला सांगणार होते.

पुढचा पावसाळा वाईट गेला. लावलेल्या कांड्यांना कोंब आले, पानं फुटली आणि आठ-दहा आठवड्यांत डाग पडले. गिरणीवाल्याच्या शेतात तर निम्मी झाडं शेंड्याकडून सुकत खाली आली. एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, मग कोण राहिलं ते विचारण्यात अर्थ उरला नाही. हवा वाईट, पाणी वाईट, बेण्याचा कस गेला, ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. काका तर सगळ्यात कमी बोलत होते, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे गावाची काळजी, असं लोकांना वाटलं.

पाऊस सरल्यावर बाई पुन्हा आल्या. मंडळाच्या खोलीत सगळे जमले. लांबट खोली, पत्र्याचं कपाट, एक लंगडं टेबल आणि त्यावर बाईंनी पसरलेला गावाचा नकाशा. वहिनी दाराशी बसल्या होत्या. बाईंनी आधीच सांगितलं की त्या उशिरा आल्या आहेत. पानं झडल्यावर हा रोग डोळ्यांना दिसत नाही. जून खोड वरून निरोगी दिसतं आणि आत रोग बसलेला असतो. कापलं तर कधी तपकिरी रेघ दिसते, कधी दिसतही नाही. तेव्हा आता बघून उपयोग नाही, विचारून काढायचं. कोणाचं बेणं कुठून आलं आणि कोयता कोणत्या क्रमाने फिरला.

सगळ्या खोलीने एकदम काकांकडे पाहिलं. गिरणीवाला तर कौतुकाने म्हणाला, की बाई, तुम्हाला कागद लागणारच नाही, आमचे काका आहेत.

बाईंनी पेन्सिल उचलली आणि साधा प्रश्न विचारला, की कोयता सगळ्यात आधी कोणत्या शेतात पडला. काही शेतं बाकीच्यांपेक्षा जास्त बिघडली आहेत, ती कोयत्याच्या वाटेवर आधी आली असणार, आणि रोग पहिल्या शेतातून निघाला असणार.

काकांच्या जिभेवर "माझ्या" हा शब्द आला होता. पण त्याच्या मागोमाग येणारा प्रश्नही त्यांना दिसला. तुमच्या शेतात पावसाळ्यात काही दिसलं होतं का? मग डिंक, मग शेंडे, मग झुडूप. समोर बाकीच्या बावीस शेतांचे मालक बसले होते. काकांची नजर दाराकडे गेली, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते ऐकून त्यांनाच क्षणभर आश्चर्य वाटलं.

"वहिनींच्या," ते म्हणाले. "दरवर्षी माझ्याकडे असतो पहिला घाव. पण दादा गेले ना. म्हटलं, यंदा पहिला मान त्यांच्या शेताला."

खोलीत कोणीतरी चुकचुकलं. अध्यक्षांनी मान खाली घातली. शिंप्याने काकांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात काकांना पुढे कित्येक दिवस जाणवत राहिला.

वहिनी दारातून म्हणाल्या, "भावोजी आले होते. पण त्यांनी तोडलं नाही. मीच तोडलं सगळं."

आता मागे फिरायला जागा होती. चूक झाली, गल्लत झाली, एवढं म्हणून भागलं असतं. पण तीस वर्षांत काकांची गल्लत कधी झाली नव्हती, आणि नेमकी आज झाली तर लोक कान टवकारणार. तेव्हा काकांनी आवाज मऊ केला. पहाटेच जाऊन वरच्या दोन ओळी पाडून आलो होतो, म्हणाले. वहिनींना सांगितलंही होतं. पण त्या तेव्हा भानावर कुठे होत्या.

वहिनी बोटांवर दिवस मोजू लागल्या. त्या आठवायचा प्रयत्न करताहेत हे काकांना दिसलं. त्यांनी नजर नकाशाकडे वळवली.

एकाला आठवलं की वहिनींचं बेणं तसंही माहेरून आलेलं, वेगळ्या जातीचं, आणि बाई म्हणाल्या की काही जातींत रोग आत असूनही पानांवर डाग दिसत नाहीत. मग काय, दोन आणि दोन चार झाले. बाईंनी ओढ्यापलीकडच्या चौकोनात लाल खूण केली. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांच्या आवाजात आशा होती. खात्याकडून येणारं स्वच्छ बेणं गावाच्या जेमतेम एक तृतीयांश जमिनीला पुरेल. जिथे हा कोयता गेलाच नाही असं एखादं शेत गावात असेल तर ते राखून त्याचा बेणेमळा करता येईल, आणि सगळ्या गावाचा पुढचा हंगाम वाचेल. आहे का असं एखादं?

असं शेत एकच होतं, आणि त्यावर आत्ताच लाल खूण झाली होती.

"नाही," काका म्हणाले.

घरी आले तर काकूंनी बातमी आधीच ऐकलेली. त्यांनी पाट मांडला, गरम गरम वाढलं, आणि समोर बसून म्हणाल्या की मला बोलला नाहीत कधी, दादांचा मान ठेवलात ते. काकूंची आणि काकांची सगळी भांडणं दादांवरून. तुम्हाला भावाची किंमत नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशी त्यांनी ते मागे घेतलं, आणि वाटीत तुपाची धार जरा जास्त सोडली. काकांनी ताट बाजूला सारलं. पोट बरं नाही म्हणून ते उठले आणि परसात जाऊन हात धुत बसले. हात मगाशीच धुतले होते.

ठरलं असं, की सगळ्यांनी आपापलं बेणं जाळायचं, आणि सुरुवात उगमापासून, म्हणजे वहिनींच्या शेतापासून करायची. त्यांची जमीन वर्षभर कसाव्याविना ठेवायची. वहिनींकडे दुसरं शेत नव्हतं, दुसरं पीकही नव्हतं. आणि उभी झाडं पाडायची कोणी? तोडणारे काकाच.

आठव्या दिवशी सकाळी सगळे ओढ्यापलीकडे जमले. अकरा ओळींचं शेत होतं. खोडं सरळ, अंगठ्यापेक्षा जाड, सालीवर कुठे डाग नाही. मोकळ्या जागेत जाळासाठी वाळकं गवत टाकलं होतं. बाईंनी कोयत्यासाठी औषधाचं पाणी ठेवलं होतं. काकांनी कोयता त्यात बुडवला, यावेळी मुकाट्याने, आणि पहिल्या ओळीत शिरले. या शेतात त्यांचा कोयता पहिल्यांदाच पडत होता, आणि ते ठाऊक असणारी दोनच माणसं तिथे होती. त्यातल्या एकीचा आता स्वतःवर भरवसा उरला नव्हता, हे मात्र काकांना अजून कळायचं होतं.

ते खोड पाडत, बाजूला टाकत. प्रत्येक काप पांढराशुभ्र निघत होता. काप पांढरा असणं पुरेसं नाही हे बाईंनी सांगितलं होतं, आणि काका त्या वाक्याला धरून पुढे पुढे जात होते. कापलेल्या खोडांच्या मोळ्या बांधल्या गेल्या. कोणी पुढे होईना, कोणाच्या घरचं असं आगीत टाकायचं जिवावर येतं. तेव्हा वहिनीच उठल्या. त्यांनी पहिली मोळी स्वतः उचलली आणि गवतावर ठेवली. अध्यक्षांनी काडी लावली. ओलसर खोडं आधी नुसती धुपली आणि मग पेटली.

मग वहिनींनी एक गोष्ट केली. त्या एकेकाजवळ गेल्या. गिरणीवाल्याजवळ, शिंप्याजवळ, अध्यक्षांजवळ. प्रत्येकाला म्हणाल्या की माझ्यामुळे तुमचं गेलं, मला माहीत नव्हतं, मनात ठेवू नका. माणसं कावरीबावरी होत होती. असू द्या वहिनी, असू द्या, म्हणत होती. काका चौथ्या ओळीच्या शेवटी होते. ते मान वर न करता तोडत राहिले. त्यांना वाटलं, आपल्यापर्यंत त्या येणार नाहीत. आपण घरचे.

त्या आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो पुढे केला.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मान दिलात, आणि माझ्या शेतानं तुमच्या कोयत्याला रोग लावला. तुमच्या कामावर आजवर बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्यामुळे झाली."

काकांनी तांब्या घेतला. पाणी प्यायला तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. त्यांच्या कानांतून वाफ निघावी तसं झालं. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. वडिलांनी भर बाजारात थोबाडीत मारली होती तेव्हाही नाही. त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. जमीन काही दुभंगली नाही. तिथेच उभं राहून बोलावं लागलं.

"थांबवा," ते म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने म्हणाले, "जाळ थांबवा. मी इथे तोडलं नव्हतं."

बाई धावत आल्या. माणसं गोळा झाली. काहींना वाटलं, काकांना वहिनींची दया आली आणि ते आता त्यांना वाचवायला खोटं बोलताहेत. शिंपी तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालाही, की काका, तुमचं मन मोठं आहे, पण आता होऊन गेलं. हे ऐकून काकांना वाटलं की देवाने तरी किती छळावं. खरं बोलणं इतकं अवघड असेल आणि वर ते कोणाला पटणारही नाही, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. शेवटी त्यांनी डिंकाचं सांगितलं. कोणत्या कोपऱ्यात, किती झाडं, कोणत्या आठवड्यात, शेंडे कोणत्या झुडपात फेकले. ते इतकं बारीक होतं की ते खोटं असूच शकत नव्हतं. असं बारीक काकाच सांगू जाणे.

शिंप्याने त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मग क्रम सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "पहिल्यापासून."

काकांनी सांगितला. पहिलं माझं. दुसरं गिरणीवाल्याचं, त्याच दिवशी दुपारनंतर. तिसरं शिंप्याचं. चौथं अध्यक्षांचं. ज्या पाठांतरावर ते तीस वर्षं मिरवले ते आता एकेक करून बाहेर येत होतं, आणि ज्याचं शेत त्यांच्या तोंडून निघे तो समोरच उभा होता. कोणी शिवी दिली नाही. गिरणीवाल्याची निम्मी झाडं गेली होती. तो ऐकून झाल्यावर मागे वळला आणि ओढ्याकडे चालू लागला. सातवं, आठवं, बारावं. काका थांबले की बाई म्हणत, पुढे. बावीस झाली. तेविसावं हे, म्हणाले, इथे कोयता कधीच गेला नाही, आज सकाळपर्यंत.

पेटलेल्या मोळ्या ओढून काढायला दोघं-तिघं धावले होते, पण त्या गेल्याच. चार ओळी संपल्या, सात उभ्या होत्या. बाईंनी त्या सात ओळींतून फिरून प्रत्येक दहाव्या झाडाचा तुकडा पिशवीत घेतला. तपासून येईपर्यंत कोणी इकडे पाऊल टाकायचं नाही, म्हणाल्या, आणि स्वच्छ निघालं तर हाच बेणेमळा. मग त्या वहिनींकडे वळल्या. त्यांनी वहिनींचा हात नुसता दाबला. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही.

माणसं पांगली. जाताना कोणी काकांना हाक मारली नाही. धूर अजून जमिनीलगत रेंगाळत होता. काका कोयता घेऊन उभे होते, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

वहिनी जवळ आल्या. आता बोलणार, काकांना वाटलं. बोलू देत. त्यांनी मनात तयारी केली. भाऊ म्हणवता, म्हणतील. विधवेचं शेत जाळलंत, म्हणतील. म्हणाव्यातच.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी मी घरी गेले आणि दोन दिवस आठवत बसले. तुम्ही पहाटे आला होतात का, मला सांगितलं होतंत का. तुम्ही तर कधी चुकत नाही. मग मला खरंच आठवायला लागलं. तुम्ही बांधावरून येताहात, कोयता खांद्यावर आहे, असं सगळं दिसायला लागलं."

काकांनी कोयता शेवटी जमिनीवर ठेवला.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "न झालेलं आठवायची आणि झालेलं विसरायची. शेवटी तिला मीही ओळखू येत नव्हते. म्हणून तीन दिवस मी रोज सकाळी उठून काल काय जेवले ते आठवून बघते. परवा बहिणीला निरोप धाडला, की मला काही झालं तर घर तू बघ."

त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकांनी तो आनंदाने घेतला असता.

"म्हणजे तुम्ही आलाच नव्हतात ना? मी तोडलं ते बरोबर आठवतंय ना मला? मी ठीक आहे ना, भावोजी?"

इतकं सगळं झाल्यावरही त्या हे त्यांनाच विचारत होत्या.

"तुम्ही ठीक आहात," काका म्हणाले. "सगळं बरोबर आठवतंय तुम्हाला."

वहिनींनी सुटकेचा मोठा निःश्वास सोडला. मग त्या काकांच्या हातातला तांब्या परत घेऊन घराच्या वाटेला लागल्या, बहिणीला दुसरा निरोप धाडायला.